रानपेराची फांदी

१

मिस विनिफ्रेड ॲस्क्यू आपल्या घराच्या तळघरात पायऱ्यांखाली मरून पडलेल्या सापडल्या, बुधवारी सकाळी सव्वाआठ वाजता. दर बुधवारी जळणाची लाकडं आणून टाकणारा क्लीव्ह गिटन्स मागच्या दाराने आत आला, दोन हाका मारल्या, आणि तळघराचं दार सताड उघडं दिसलं म्हणून त्याने खाली डोकावलं. लाकडांचा भारा अजून त्याच्या खांद्यावरच होता.

इन्स्पेक्टर ऊना प्रॉदरो नऊ वाजता पोचली तेव्हा क्लीव्ह बाहेर पायरीवर बसला होता. साठीचा माणूस, एल्डरमिअरच्या सरकारी वनस्पतिबागेत पस्तीस वर्षं झाडं सांभाळणारा.

"लोक म्हणतील, म्हातारी घसरली," तो म्हणाला. "बाई, ही म्हातारी चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिडीवर चढून पन्हळ साफ करायची. मी खाली शिडी धरायचो, आणि वरून मलाच शिव्या."

"पायऱ्या नीट आहेत?"

"मीच केल्यात. गेल्या वर्षी."

ऊना पोलिसात आली त्याआधी तिने रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. प्रयोगवहीत जे दिसलं तेच लिहायचं, जे वाटलं ते नाही, ही तेव्हाची शिस्त तिने पुढेही सोडली नाही. तळघरात तिला दिसलं ते असं: डोक्याला मार, अंगात लोकरी कोट, उजव्या मनगटावर बोटाच्या रुंदीचे चार निळे डाग. कुणीतरी हात घट्ट धरला होता.

वर खिडकीशी चित्राचं टेबल होतं. मिस ॲस्क्यू बागेच्या चित्रकार होत्या. चाळीस वर्षं त्यांनी वनस्पतींची शास्त्रीय चित्रं काढली, पेन्सिलीने, पानापानाची मापं कर्कटकाने घेऊन. निवृत्त झाल्यावरही बागेने त्यांना बागेच्या कडेच्या सात सरकारी घरांपैकी या शेवटच्या घरात बिनभाड्याने राहू दिलं होतं. टेबलावर अर्धवट चित्र होतं: काटेरी फांदी, पाच पानं, दोन छोटी फळं. एका पानावर किड्याने खाल्लेलं भोकसुद्धा काढलेलं. देठाची रेष मात्र दोन ठिकाणी तुटलेली होती, केसाएवढ्या नव्हे, चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या अंतरात, आणि दोन्ही बाजूंना अगदी सरळ कापल्यासारखी.

"हे काय आहे?" ऊनाने विचारलं.

क्लीव्हने दारातूनच पाहिलं. "रानपेर. मागच्या कुरणात आहे, जुनं झाड." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण फेब्रुवारीत त्याला पान कुठलं?"

टेबलाभोवती, खाली, कचऱ्याच्या डब्यात, सगळीकडे शोधून झालं. फांदीचं चित्र होतं. फांदी नव्हती.

२

मिस ॲस्क्यूंची भाची टॅमसिन रेडिंगला शाळेत शिकवत होती. ती दुपारी आली आणि आत्याच्या स्वयंपाकघरात कोट न काढताच बसून राहिली.

"रविवारी आम्ही भांडलो," ती म्हणाली. "मी म्हटलं, विन आत्या, ते विधेयक मंजूर झालं की हे घर तुझं राहणार नाही, माझ्याकडे चल. ती म्हणाली, मी इथून माझ्या पायांनी जाणार नाही. मी म्हटलं, मग उचलून नेतील." ती थांबली. "असं बोलले मी."

विधेयकाबद्दल गावात सगळ्यांनाच माहीत होतं. बागेची जमीन सरकारी. एकतीस वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा देता येत नसे, त्यामुळे ती सात घरं दुरुस्त करायला कुणी पैसेवाला पुढे येईना. नवा कायदा झाला की दीडशे वर्षांचा पट्टा देता येणार होता. पुढच्या आठवड्यात गुरुवारी संसदेची समिती शेवटची साक्ष ऐकणार होती, आणि साक्षीदारांच्या यादीत मिस ॲस्क्यूंचं नाव होतं.

"त्या काय सांगणार होत्या?"

"सोमवारी फोन आला तिचा. हसत होती. म्हणाली, टॅमी, हर्बेरियमच्या एका जुन्या पानाच्या पाठीमागे मला पत्र सापडलंय. ज्या बाईने माझ्या घरासकट ही कुरणाची पट्टी बागेला दिली तिचं. तिने लिहिलंय, या पट्टीवर कुणाला भाड्याने राहू दिलंत तर जमीन माझ्या वारसांकडे परत जाईल."

"पान म्हणजे?"

"हर्बेरियम म्हणजे बागेचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. एकेक वनस्पती कागदावर लावतात ना, त्याला तिथे सगळे पानच म्हणतात. आत्या ते घरी घेऊन आली होती. तसं करायची परवानगी नसते. पण ती म्हणाली, 'चाळीस वर्षांत कधी चोरी केली नाही, आता एक करून बघते.' समितीला मूळ पान दाखवल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार?"

म्हणजे जो कुणी ते पान घेऊन गेला, त्याने मिस ॲस्क्यूंची साक्षच नेली होती. गुरुवारच्या आत ते मिळालं नाही, तर त्या कशासाठी मेल्या हेही कुणाला कळलं नसतं.

बागेच्या मालमत्तांचा व्यवस्थापक डॉमिनिक फॅरंट आपल्या कचेरीत त्या सात घरांच्या लाकडी प्रतिकृतीशेजारी उभा राहून बोलला. त्याने आधी दुःख व्यक्त केलं, ते बऱ्यापैकी खरं वाटलं.

"मंगळवारी दोन वाजता मी गेलो होतो त्यांच्याकडे. लपवत नाही. म्हटलं, मॅडम, आम्ही तुम्हाला चांगली जागा देऊ. त्यावर म्हणाल्या, 'मिस्टर फॅरंट, माझ्याकडे एक बाई राहायला आली आहे. तुमच्यापेक्षा पावणेदोनशे वर्षांनी मोठी आहे. पुढच्या गुरुवारी ती बोलेल, मी नाही.'"

"तुम्ही काय समजलात?"

"समजतोय काय, डोंबल! बाहेर पडल्या पडल्या वेनिंगला फोन लावला. डॉक्टर वेनिंग, हर्बेरियमचे प्रमुख. विचारलं, तुमच्या कपाटातलं काही या बाईंकडे आहे का? 'असं काही होणं शक्य नाही,' म्हणाले आणि फोन ठेवला. तीन वाजल्यापासून मी लंडनला बैठकीत होतो. अकरा माणसं होती, कुणालाही विचारा."

ऊनाने विचारलं. अकराही जणांनी हो म्हटलं. टॅमसिन त्या दिवशी साडेचारपर्यंत वर्गावर होती, तेही खरं निघालं.

संध्याकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. मिस ॲस्क्यू साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान पडल्या असाव्यात.

"मृत्यूही तेव्हाच?" ऊनाने विचारलं.



"नाही. सहाच्या पुढे. दीड-दोन तास त्या खाली पडून होत्या, इन्स्पेक्टर, आणि त्यातला निदान पहिला तास शुद्धीवर होत्या."

३

हर्बेरियमची इमारत लाल विटांची, तीन मजली, आत लोखंडी जिने आणि लाकडी कपाटांच्या रांगा. गुरुवारी सकाळी ऊना आत शिरली तेव्हा प्रत्येक रांगेच्या टोकाला एक बादली ठेवलेली होती. बादल्यांत थेंब पडत होते, प्रत्येकीचा आवाज निराळा.

डॉक्टर ॲम्ब्रोस वेनिंग उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. थंड पाण्याने हात फुटलेले.

"क्षमा करा, चहा देता येत नाही. इथे खाण्यापिण्याचं काही आणत नाही आम्ही." त्यांनी वर बोट दाखवलं. "ते छत पाहिलंत? नोव्हेंबरात नेच्यांच्या खोलीत चारशे बारा पानं भिजली. त्यातल्या नऊ वनस्पती आता जगात कुठेही उगवत नाहीत."

"म्हणजे त्या संपल्या."

"दुसऱ्यांदा," वेनिंग म्हणाले.

"कायदा झाला तर छत दुरुस्त होईल?"

"घरांचे पट्टे गेले की पहिला पैसा इथे येणार, असं लेखी आहे. उन्हाळ्यात काम सुरू. लांबलं तर आणखी एक हिवाळा." त्यांनी बादलीत पाहिलं. "आणखी एक हिवाळा ही इमारत काढणार नाही."

"मिस ॲस्क्यूंनी इथलं एक पान घरी नेलं होतं असं कळतंय."

"कोण म्हणतं? इथून पान बाहेर जात नाही. मलाही नेता येत नाही."

"त्या रानपेराची फांदी रेखाटत होत्या."

"मग कुंपणावरची असेल. जुनी, घरात वाळवून ठेवलेली. चित्रकारांच्या घरात असला पाचोळा पुष्कळ असतो."

"तुम्हाला कुणी फोन केला होता का मंगळवारी, त्याबद्दल?"

"मंगळवारी?" ते खिन्नपणे हसले. "मंगळवारी त्या पावसात प्लास्टर कोसळलं. बारा वाजता मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि आतून कुलूप लावलं. त्यानंतर संध्याकाळी सातपर्यंत या इमारतीत मी एकटा. तीस बादल्या. फोन कोण घेतो हो?"

फॅरंटने तर वेनिंगशी फोनवर बोलल्याचं सांगितलं होतं. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. पण खोटं बोलणारे सगळेच माणसं मारत नाहीत.

"मला कपाटं तपासायची आहेत," ती म्हणाली.

"अवश्य." त्यांनी अदबीने हात पसरला. "सत्तर लाख पानं आहेत. रोज हजार पाहिलीत तर एकोणीस वर्षं लागतील. रविवारी सुट्टी घेतलीत तर जास्त."

थट्टा नव्हती ती. त्यांनी खरंच हिशेब केला होता.

निघताना ऊनाची नजर त्यांच्या टेबलावर गेली. तिथे कसलीशी वाळलेली वेल जाड कागदावर ठेवली होती, आणि ती हलू नये म्हणून देठावरून दोन ठिकाणी कापडाच्या पांढऱ्या पट्ट्या आडव्या नेऊन चिकटवल्या होत्या.

जिन्यावर आल्यावर तिने पिशवीतून चित्राची प्रत काढली. देठाची रेष दोन ठिकाणी तुटलेली, सरळ कापल्यासारखी. मिस ॲस्क्यू दिसेल तेच काढायच्या. पट्टीखालचा देठ त्यांना दिसत नव्हता, म्हणून त्यांनी तो काढला नाही.

ती फांदी पाचोळ्यातली नव्हती. कागदावर बांधलेली होती. आणि ज्या माणसाने आयुष्यभर अशी पानं पाहिली, त्याने ते चित्र बघायलाही न मागता कुंपणावरची फांदी असेल म्हणून सांगून टाकलं होतं.

४

संशय आहे, पुरावा नाही. शुक्रवारी सकाळी साहेबांनी ऊनाला बोलावून तेच सांगितलं: मनगटावरचे डाग कुणाचेही असतील, पान सापडत नसेल तर अपघात म्हणून कागद मिटवून टाक.

ती परत मिस ॲस्क्यूंच्या घराकडे आली. मागच्या कुरणात क्लीव्ह रानपेराखाली उलट्या घमेल्यावर बसून पाव आणि चीज खात होता. जेवणाची वेळ केव्हाच टळली होती.

"बसा बाई. तुम्हाला घमेलं देऊ? मी उभा राहतो."

"नको. मला एक सांगा, क्लीव्ह. एखादं पान कायमचं नाहीसं करायचं असेल तर?"

"शेकोटी. इथे रोज पेटलेली असते." त्याने घास गिळला. "फॅरंट असता तर केव्हाच जाळलं असतं. पण तुमच्या मनात ते वरचे डॉक्टर आहेत ना? मग नाही."

"का?"

"अहो, त्या माणसाने उंदरांनी निम्मं खाल्लेलं गवत जपून ठेवलंय. कागदावर लिहिलंय, 'उर्वरित भाग उंदरांनी नेला.' तो पान जाळेल? स्वतःचं घर जाळेल आधी."

"तर मग ते त्या सत्तर लाखांत सरकवलं असणार. संपलं सगळं."

"लगेच नाही सरकवता येत," क्लीव्ह म्हणाला, आणि पावाचा दुसरा तुकडा मोडू लागला.

"म्हणजे?"

"किडा असतो ना. तिळाएवढा. एक मादी आत गेली की कपाटच्या कपाट भुगा. दोन नाताळांपूर्वी मी तिथल्या पोरींसाठी हिरव्या डहाळ्यांची माळ घेऊन गेलो होतो. वेनिंगसाहेब कधी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी असे ओरडले की मी जिन्यावरच बसलो. बाहेरून येणारी प्रत्येक चीज आधी तळमजल्याच्या शीतखोलीत. उणे तीस. पूर्ण तीन दिवस. पोस्टाचं खोकं असो, वही असो. माझी टोपीसुद्धा तिथे नेऊन ठेवली होती."

"आणि त्यांचंच पान बाहेर जाऊन परत आलं तर?"

"तेही बाहेरचंच झालं की."

ऊना उभीच होती, तरी तिला वाटलं आपण आत्ताच उठून उभ्या राहिलो. "मिस ॲस्क्यूंच्या घरात ते किडे होते?"

"त्या जुन्या लोकरीच्या गालिच्यात? बाई, तो गालिचा एक दिवस आपण होऊन चालत बाहेर जाईल."

मंगळवारी चारच्या सुमारास मिस ॲस्क्यू पडल्या. तिथून हर्बेरियम पायी वीस मिनिटं. मंगळवारी साडेचार, बुधवार, गुरुवार, शुक्रवारी साडेचार. पूर्ण तीन दिवस. त्यानंतर पान बाहेर येणार आणि सत्तर लाखांत मिसळून जाणार.

तिने घड्याळात पाहिलं. साडेतीन वाजून गेले होते.

५

शीतखोलीच्या जाड दारासमोर वेनिंग उभे होते. हातांवर लोकरी हातमोजे, काखेत रिकामं पुठ्ठ्याचं आवरण.

"आत्ता उघडता येणार नाही," ते शांतपणे म्हणाले. "मध्येच उघडलं की आतला पारा चढतो. जे किडे मरायला आलेले असतात ते वाचतात."

"उघडा, डॉक्टर."

त्यांनी तिच्या मागे उभ्या असलेल्या दोन शिपायांकडे पाहिलं आणि कडी फिरवली.

आत लोखंडी फळ्यांवर एकोणीस पारदर्शक पिशव्या होत्या. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: आत काय आहे, कुणी ठेवलं, कोणत्या तारखेला, किती वाजता. ऊना एकेक वाचत गेली. तिचा श्वास पांढरा होऊन चिठ्ठ्यांवर पडत होता. चौदाव्या पिशवीच्या चिठ्ठीवर काय आहे ते लिहिलेलं नव्हतं, कुणी ठेवलं तेही नव्हतं. फक्त बारीक, नेटक्या अक्षरांत: *मंगळवार, १२ फेब्रुवारी. ४.४०.*

प्लास्टिकमधून काटेरी फांदी दिसत होती. पाच पानं, दोन फळं, एका पानावर भोक. देठावर दोन पट्ट्या.

"तुम्ही मला सांगितलंत, बारा वाजता कुलूप लावलं," ऊना म्हणाली. "बारापासून सातपर्यंत इमारतीत तुम्ही एकटे. तुमचंच म्हणणं. मग चार वाजून चाळीस मिनिटांनी ही पिशवी इथे कुणी ठेवली?"

वेनिंगनी काखेतलं आवरण फळीवर ठेवलं.

"फॅरंट इथे नव्हते. टॅमसिनला असलं पान कुठे ठेवायचं हे ठाऊक नाही. ज्याला जाळायचं होतं त्याने जाळलं असतं. हे इथे आणलं ते अशा माणसाने, ज्याला पान लपवायचं तर होतं, पण त्यातला एक किडाही वर जाऊ द्यायचा नव्हता. नाव लिहिलं नाहीत. वेळ का लिहिलीत? तेवढी एक गोष्ट नसती तर मी काहीच सिद्ध करू शकले नसते."

त्यांना प्रश्नच विचित्र वाटलेला दिसला. "वेळ लिहिली नाही तर बाहेर कधी काढायचं ते कसं कळणार?"

मग ते हातमोजे काढून तिथल्या स्टुलावर बसले.

"फॅरंटचा फोन आला तेव्हाच मला समजलं. मी विनकडे गेलो. तीस वर्षांची ओळख आमची. म्हटलं, कायदा होईपर्यंत फक्त परत दे. जाळणार नाही, हवं तर शपथ घेतो. एकदा हे पत्र समितीसमोर आलं की सगळं वकिलांच्या हाती जाईल, वर्ष जाईल, दोन जातील. तोवर छत राहणार नाही. ती म्हणाली, तू माझं ऐकून तरी घे. मी म्हटलं, मला ऐकायचं नाही. ती ते तळघरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला निघाली. मी तिचा हात धरला. दुसऱ्या हाताने पान ओढलं."

"आणि?"

"पान माझ्या हातात आलं."

"मिस ॲस्क्यू?"

"ती मागे गेली."

एक शिपाई खाली बघू लागला.

"त्यांनी हाक मारली?" ऊनाने विचारलं.

"हो."

"काय म्हणाल्या?"

"माझं नाव. दोनदा."

"फोन तिथेच भिंतीवर होता, डॉक्टर."

"बाहेर मुसळधार होता. पान कोटाच्या आत धरलं. म्हटलं आधी हे ठेवू, मग इथून फोन करू. खरंच तसं ठरवलं होतं." त्यांनी आपल्या फुटलेल्या हातांकडे पाहिलं. "पण वर आलो तर बादल्या भरून वाहत होत्या."

ऊनाने चौदावी पिशवी उचलली. ती बाहेर पडू लागली तेव्हा वेनिंग स्टुलावरून उठले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काकुळती आली.

"उद्यापर्यंत पिशवी उघडू नका. बंदच राहू द्या. लगेच उघडलीत तर दव धरेल, शाई पसरेल."

तिला त्या क्षणी ती पिशवी त्यांच्या डोळ्यांसमोर फाडावीशी वाटली. पण पत्र त्यांचं नव्हतं. तिने पिशवी चोवीस तास बंद ठेवली.

६

पुढच्या गुरुवारी समितीच्या दालनात ते पान एका लांब टेबलावर ठेवलं होतं, पाठ वर करून. लेडी ऑगस्टा फेन या बाईने १८४६ साली लिहिलेलं पत्र चांगलं वाचता येत होतं. शेवटचं घर धरून रानपेरापर्यंतची पट्टी बागेला देत आहे. ती भाड्याने देऊन तिथे कुणाला राहू दिल्यास माझ्या वारसांकडे परत जावी.

अध्यक्ष वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चष्मा बदलला.

"मिस ॲस्क्यूंनी आपलं निवेदन सोमवारीच टपालाने पाठवलं होतं," ते म्हणाले. "त्यांच्या अनुपस्थितीत मी ते वाचतो." आणि त्यांनी एकसुरी आवाजात वाचलं. मूळ पान मी स्वतः हजर करीन, हे वाक्य वाचताना ते थोडे अडखळले. शेवटचा परिच्छेद असा होता:

*माझा या विधेयकाला विरोध नाही. सहा घरांचे पट्टे खुशाल द्यावेत, किंबहुना लवकर द्यावेत. हर्बेरियमचं छत आणखी एक हिवाळा काढणार नाही, हे मी रोज पाहते आहे. माझं म्हणणं फक्त या एका पट्टीपुरतं आहे. ती कायद्यातून वगळावी. त्यासाठी एक वाक्य पुरेल असं मला वाटतं, पण मी वकील नाही.*

अध्यक्षांनी मसुदा करणाऱ्या वकीलबाईंकडे पाहिलं. "पुरेल का?"

"पुरेल, महोदय. त्या पट्टीला हा कायदा लागू नाही, एवढं घातलं की झालं."

"कुणाची हरकत?"

मागच्या रांगेत फॅरंटनेही मान हलवली नाही. त्याची सहा घरं सुखरूप होती. वाक्य लिहिलं गेलं, वाचलं गेलं, मंजूर झालं. पुढचा विषय पुकारला गेला.

बाहेरच्या लांब कमानीखाली टॅमसिन भिंतीला टेकून उभी राहिली. "किती वेळ लागला?"

"अकरा मिनिटं," ऊना म्हणाली. तिने पाहिलं होतं.

"तिला छत हवं होतं. त्या माणसाला जे हवं होतं तेच हवं होतं तिला."

"हो."

"त्याला माहीत आहे?"

"अजून नाही."

टॅमसिन भिंतीपासून दूर झाली. तिचा स्वभाव रागीट नव्हता, वर्गातल्या पोरांवरही ती फारशी ओरडत नसावी. "सांगा त्याला," ती म्हणाली. "चांगलं समजेल असं सांगा."

तुरुंगातली भेटीची खोली उबदार होती. वेनिंगनी आधी विचारलं, "पान कसं आहे?"

"व्यवस्थित."

"आणि विधेयक? लांबलं?"

"आज मंजूर झालं. पट्टी वगळून. एका वाक्यात."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, निव्वळ सुटका, आणि ऊनाने ती पुरती उमटू दिली. मग तिने निवेदनाची प्रत उलगडून टेबलावर त्यांच्याकडे वळवली आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

ते वाचायला लागले. वाचून झालं असावं, तरी मान वर झाली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता.

"मी तिला म्हटलं होतं, मला ऐकायचं नाही," ते शेवटी म्हणाले.

"हो. तुम्हीच सांगितलंत."

"हे घेऊन जा, इन्स्पेक्टर. कृपा करून घेऊन जा."

"ही तुमच्यासाठी काढलेली प्रत आहे," ऊना म्हणाली. तिने कागद होता तिथेच राहू दिला, खुर्ची मागे सारली, आणि दार उघडण्यासाठी पहारेकऱ्याला हाक मारली.